क्लॅम्पवरचं हळदीचं बोट

मी तापट आहे हे घरच्यांना माहीत आहे, आणि लॅबमध्ये तर सगळ्यांनाच. त्यामुळे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावरचा आकडा बघून मी जे बोलले, त्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

आमचं काम सांगायला सोपं आहे. विमान धुळीच्या धावपट्टीवरून उडतं तेव्हा त्याचं इंजिन हवेबरोबर वाळूही गिळतं. इंजिनाच्या तापणाऱ्या भागांत धातूऐवजी सिरॅमिक वापरलं तर वजन वाचतं आणि ते उष्णताही जास्त सोसतं. पण वाळूचे कण त्याला खरवडत राहतात. किती खरवडतात ते आम्ही मोजतो. सिरॅमिकच्याच धाग्यांनी आतून बळकट केलेली, बिस्किटाएवढी पांढरी चकती बंद पेटीतल्या क्लॅम्पमध्ये अडकवायची, बारीक नळीतून तिच्यावर जोरात वाळू मारायची, आणि आधीच्या वजनातून नंतरचं वजन वजा करायचं. माझी आई म्हणते, "इतकं शिकून शेवटी वाळूच उडवतेस." आईचं अगदीच खोटं नाही.

त्या वर्षी माझ्या नव्या मिश्रणाची एकच चकती उरली होती. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी समितीची बैठक होती. काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं, ते या चकतीच्या आकड्यावर ठरणार होतं. तीन वर्षं मी त्या मिश्रणामागे होते. ते गुंडाळलं गेलं असतं तर मी दुसरं काहीतरी केलंच असतं, पण मनातून खचले असते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते, आणि त्या दिवशी एकही यंत्र चालवायचं नाही असा मामांचा दंडक. मामा म्हणजे लॅबमधले सगळ्यात जुने टेक्निशियन. ते मूळचे हिंजवडीचे. त्यांच्या शेतावर आता काचेची इमारत आहे. सकाळी सगळं पुणं त्यांच्या गावाकडे निघतं, तेव्हा ते एकटे उलट्या दिशेने स्कूटरवरून आमच्याकडे येतात. आदल्या संध्याकाळीच त्यांनी चकतीचं वजन करून ती क्लॅम्पमध्ये बसवून ठेवली होती. पूजेच्या दिवशी मी भल्या सकाळी मंडईत जाऊन घासाघीस करून झेंडू आणला. मामांनी पेटीला हार घातला, सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि जो तो घरी गेला.

दसऱ्याची सुट्टी झाली. दुसऱ्या दिवशी आम्ही वाळू मारली, चकती चिमट्याने उचलून काट्यावर ठेवली, आणि ती सहा मिलिग्रॅम जड भरली. वाळूने झिजायचं सोडून बाईसाहेब अंगाने भरल्या होत्या.

मी मामांवरच घसरले. हवेच्या नळीत तेल राहिलं असणार, तुम्ही काटा नीट शून्यावर आणला नसणार, सणाच्या गडबडीत तुमचं लक्ष नव्हतं. तोंडाला येईल ते बोलत गेले. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, पाठीमागनं बघितली का?"

"पाठीमागून कशाला? वाळू पुढून मारतो आपण."

"बघा की. बघायला काय जातंय."

मी चकती उलटी केली. मधोमध आठ आण्याएवढा पिवळाधमक डाग होता.

"हळद हाय," मामा म्हणाले. "मी दार उघडलं न्हाई. हार भायेरनंच घातला."

तेव्हा मला आठवलं. सगळे पेढ्यांभोवती जमले असताना मी हळूच पेटीचं दार उघडलं होतं. खरी कामाची जागा आत, आणि हार बाहेर, हे काही मला पटलं नव्हतं. चकतीला धक्का न लावता क्लॅम्पच्या पाठीला मी ओल्या हळदीचं बोट टेकवलं होतं. तिथे स्क्रूचं भोक आहे. हळदीचं पाणी त्यातून आत झिरपलं आणि नव्या पणतीने तेल प्यावं तसं चकतीने ते पिऊन टाकलं.

"अहो मामा, मीच लावली," मी म्हटलं. "तुम्हाला उगाच बोलले. चुकलं माझं."

"ऱ्हाऊ द्या. आता भट्टीत घाला."

"चकती?"

"मग? इंजिनात काय सावलीत बसणार हाय व्हय ती?"

मी हसले आणि त्याच वेळी मला रडूही आलं. विमानाच्या इंजिनाची आग सोसायला जिला घडवलं, तिला हळद जळण्यापुरती धग म्हणजे काहीच नव्हती. दुपारी चकती भट्टीत गेली, हळूहळू निवली, मग धुतली, वाळवली. संध्याकाळी वजन केलं. झीज होती, पण आधीच्या कुठल्याही चकतीपेक्षा कमी. मी मामांना तीनदा वजन करायला लावलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "आता काट्याला तरी घरी जाऊ द्या."

बैठकीत समितीचे अध्यक्ष कागद चाळत होते. मोजकं बोलण्याबद्दल ते प्रसिद्ध आहेत.

"हे शेवटचं वजन भट्टीनंतरचं का?"

सफाई केली, एवढं म्हणून सुटता आलं असतं. मी खरं ते सांगितलं.

"हळद," ते म्हणाले.

"हो, सर."

"आणि कुंकू?"

"नाही, सर. फक्त हळद."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "पुढच्या वर्षी आधी चकती काढून ठेवा, मग पूजा करा."

सगळे हसले. मी त्यांच्या पहिल्या दोन शब्दांवरच अडकले होते.

"सर, पुढच्या वर्षी म्हणजे..."

"मग काय, याच वर्षी दुसरा दसरा काढणार आहात?"

बाहेर मामा उभे होते. त्यांना आत बोलावलेलं नव्हतं, तरी ते तासभर तिथेच होते. मी काही सांगायच्या आत त्यांनी माझं तोंड बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि तिनेच डोळे पुसले.