मागचं उजवं चाक

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. पाचगणीच्या शाळेचे व्यवस्थापक बोलत होते. या माणसाचा आवाज एरवी हुकूम सोडणारा, पण त्या दिवशी दोनदा खाकरला. अक्का गेल्या, म्हणाले. दुपारी जेवून खोलीच्या पायरीवर टेकल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. मी ‘बरं’ म्हणाले, फोन ठेवला आणि पुन्हा मेथी निवडायला बसले. जुडी संपल्यावर बघते तर पानं केरात आणि देठं ताटात… तेव्हा कुठे रडू आलं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. जावा-जावांचा उभा दावा म्हणतात, तो आमचाही होता. लग्न होऊन मी साताऱ्याहून उंब्रजला आले, त्या पहिल्याच आठवड्यात माझी भाकरी हातात धरून त्या म्हणाल्या होत्या, “ह्यो जिल्ह्याचा नकाशा हाय व्हय?” ते मी अजून विसरलेले नाही. पुढे थोरले दीर फौजेतून सुटून पाचगणीच्या एका निवासी शाळेत मैदान सांभाळायला लागले, तशा अक्काही तिकडे गेल्या. तिथे गवत कापायची गाडी होती, छोट्या ट्रॅक्टरसारखी, वर बसून चालवायची, पोटाखाली फिरती पाती. दिरांच्या मागे लागून अक्कांनी ती शिकून घेतली. दीर अचानक वारले तेव्हा आम्ही सगळे धरूनच चाललो, की आता अक्का गावी येणार. त्या कुठल्या येतात! शाळेने दिरांचं काम त्यांना दिलं, कामाबरोबर मैदानाकडेची खोली राहिली, आणि साडीवर दिरांचा फौजेतला स्वेटर चढवून अक्का रोज सकाळी त्या गाडीवर बसायला लागल्या. गावात लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

पुढच्या वर्षी पाऊस सरल्यावर मी हवापालट म्हणून त्यांच्याकडे चार दिवस राहायला गेले, तेव्हा तिथे वेगळंच चाललं होतं. गाडीच्या मागच्या उजव्या चाकातली हवा रोज उतरत होती. संध्याकाळी भरावी, सकाळी चाक बसलेलं. त्या बाजूला गाडी कलायची आणि मैदान असं कापलं जायचं, की एक पट्टा चकोट अन् शेजारचा झुपकेदार, न्हाव्याने अर्ध्यात सोडलेल्या डोक्यासारखा. बाजारातल्या पंक्चरवाल्याने काट्याची भोकं बुजवून दिली, तरी हवा जायची ती जातच होती. नवीन टायर पुण्याहून यायला वेळ लागणार होता आणि शाळेचा क्रीडादिन तीन दिवसांवर आलेला. व्यवस्थापकांनी स्पष्टच सांगून टाकलं, की मैदान नीट झालं नाही तर यापुढे काम बाहेरच्या ठेकेदाराकडे जाईल. काम गेलं म्हणजे खोली गेली. अक्कांना गावी यायचं नव्हतं. दिरांच्या हातचं मैदान सोडायचं नव्हतं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चाक काढून अंगणात आणलं. व्यवस्थापकही येऊन उभे राहिले. अक्का टायरवर चढून नाचल्यासारखे पाय आपटायला लागल्या, टायरची कड सुटली, टॉमीने, म्हणजे टायर काढायच्या लोखंडी पट्टीने, त्यांनी ती लोखंडी चाकावरून उचलली, आणि आतून भळकन तांबडं पाणी सांडलं. टायर बिनट्यूबचा, आणि लोखंडी चाकाची कड गंजून खरबरीत झाली होती. रबर तिला घट्ट बसतच नव्हतं, हवा तिथूनच जात होती. पण टायरमध्ये पाणी आलं कुठून? मी अक्कांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मला कळलं. त्यांच्या माहेरी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत पाणी भरतात, उसाची ट्रॉली ओढताना चाकं जागच्या जागी फिरू नयेत म्हणून. पावसाळ्यात मैदानाच्या उतारावर ही गाडी घसरायला लागली, तेव्हा बाईंनी तोच उद्योग इथे केला होता. पुढे पाणी काढलं, पण सगळं कुठलं निघतंय! मी त्यांच्या दंडाला हळूच चिमटा काढला. गप्प बसा, कोणाला काय कळतंय… एवढा त्याचा अर्थ. त्यांनी माझा हात बाजूला केला.

“सायेब, ह्यो गंज माझाच हाय,” त्या म्हणाल्या. “चाकात पानी मीच भरलं हुतं. आता नीटबी मीच करनार. परवा मैदान वाकडं दिसलं, तर खोलीची किल्ली आनून देते.”

मी आयुष्यात पुष्कळ माणसं पाहिली. डोक्यावरचं छप्पर पणाला लावून स्वतःची चूक अशी उन्हात मांडणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. व्यवस्थापक निघून गेले.

मग अक्का कामाला लागल्या. पॉलिश पेपरने त्यांनी ती कड अशी घासली, की लोखंड लखलखायला लागलं. कपड्याच्या साबणाचा फेस कडेला चोपडला, टायर परत चढवला आणि पंप माझ्या हातात दिला. मी खांदे निखळेपर्यंत हवा भरली. भरली तेवढी फुस्स करून दोन्ही बाजूंनी बाहेर! टायर इतका सैल पडला होता, की कडेला टेकतच नव्हता. मी म्हणाले, आवं अक्का, पुरे आता, जीव जाईल माझा. त्या उठल्या, अंगणात बांधलेली कपड्यांची दोरी सोडली आणि वाळत घातलेले माझे कपडे खुशाल कुंपणावर फेकले. ती दोरी म्हणजे त्यांच्या वडलांच्या बैलाचा कासरा, माहेरहून आणलेला. तो त्यांनी टायरच्या मधोमध गुंडाळला, गाठीत दांडकं घातलं आणि बैलगाडीवरचा ऊस आवळावा तसा पीळ देत गेल्या. टायर मधून दबला तशा त्याच्या दोन्ही कडा बाहेर सरकून लोखंडाला भिडल्या. “आता भर,” म्हणाल्या. मी भरत राहिले. आतून टप्प आवाज आला, मग दुसऱ्या बाजूने आणखी एक… आणि चाक बसलं. मी पंप सोडून खालीच बसले. देवळात घंटा वाजल्यावर होतं तसं मला झालं होतं, उगाच कशाला लपवू.

कासरा सोडून त्यांनी हवा पुरी केली. मग जिभेला बोट लावलं आणि ती थुंकी व्हॉल्व्हवर टेकवली, हवा गळत असली तर बुडबुडा येतो म्हणून. बुडबुडा आला नाही. हवा भरल्यावर त्यांचं हे ठरलेलं होतं. मला किळस यायची, त्यांना माझ्या किळसेचं हसू यायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे चहाच्या आधी आम्ही चाक बघायला गेलो. जसंच्या तसं होतं. दिवसभर अक्का गाडीवरून उतरल्या नाहीत. क्रीडादिनाच्या सकाळी व्यवस्थापक मैदानाच्या कडेला उकिडवे बसून एक डोळा मिटून गवत बघत होते. ते उठले, अक्कांकडे पाहून मान हलवली आणि गेले. किल्लीचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. पुढे माझ्या भाकरीला नावं ठेवायचा हक्क मीच त्यांना देऊन टाकला.

परवा मी खोली आवरायला गेले होते. स्वेटर घेतला, भांडी घेतली. कासरा अजून अंगणात बांधलेलाच होता, तो सोडवेना. शेडमध्ये गाडी उभी होती. नव्याने कामावर आलेला माणूस म्हणाला, बाई गेल्यापासून गाडी जागची हललेली नाही, मी पंपालाही हात लावलेला नाही. मी मागचं उजवं चाक दाबून पाहिलं. दगडासारखं घट्ट. तो माणूस बघत होता, तरी मी जिभेला बोट लावलं आणि व्हॉल्व्हवर टेकवलं. बुडबुडा आला नाही. आतली हवा अक्कांनी भरलेली होती… मी बोट तसंच धरून उभी राहिले.