सरळ रेघ

बेळगावच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या आक्का प्लॅस्टिकच्या पातळ तुकड्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करतात आणि त्यातून उलट किती इलेक्ट्रॉन बाहेर उडतात ते मोजतात. हे प्लॅस्टिक उपग्रहावर बसवायचं आहे. त्यातून वीज वाहून जात नाही, साठते आणि मोजणी बिघडवते. म्हणून आक्का मारा क्षणभरच करतात आणि दर वेळी कोरी जागा घेतात. बोलणंही तसंच, एक वाक्य आणि मग लांब शांतता.

मी तिथे हवा उपसणारे पंप सांभाळतो आणि फावल्या वेळात चळवळीची पत्रकं लिहितो. काल अहवालाची शेवटची तारीख होती. तो गेला नाही तर आक्कांची नोकरी पुढे वाढणार नव्हती. तेवढ्यात पडद्यावर सुंदर, सरळ रेघ उमटली: जेवढे इलेक्ट्रॉन आत, तेवढेच बाहेर.

"आक्का, द्या की पाठवून!"

"लई सरळ हाय रं. जागा बदलायची इसरले मी. ह्यो साठलेल्या विजेचा आकडा, प्लॅस्टिकचा न्हवं."

"कुणाला कळतंय?"

"वर गेल्यावर उपग्रहाला कळंल."

त्यांनी मोजणी रद्द केली आणि साहेबांना फोन लावला. "सर, अहवाल आज होणार नाही. चूक माझी आहे."

सत्यावर मी ढीगभर पत्रकं लिहिली आहेत. ते इतक्या साध्या आवाजात बोललेलं पहिल्यांदाच ऐकलं. फोन ठेवून आक्कांनी चिमट्याने नवा तुकडा उचलला. साहेब काय म्हणाले, हे विचारायची माझी छाती झाली नाही.