सत्यशीलाबाईंची लिफ्ट

तळमजल्यावर राहणाऱ्या बाईने लिफ्टसाठी जिवाचं रान करावं, हे आमच्या सोसायटीत कुणालाच पचलं नाही. नारायण पेठेत कुणी उगाच काही करत नाही, यावर आमचा गाढ विश्वास. ‘बाईंचा भाचा लिफ्टच्या धंद्यात असणार,’ असं पहिल्या मजल्याने जाहीर करून टाकलं. बाईंना भाचाच नाही, हा भाग वेगळा. मी सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणजे दुसरं कुणी तयार झालं नाही म्हणून सेक्रेटरी. त्यामुळे खरं कारण फक्त मला ठाऊक होतं.

चौथ्या मजल्यावर राधावहिनी एकट्या राहायच्या. गुडघे गेल्यापासून त्या खाली उतरल्याच नव्हत्या. सत्यशीलाबाई मंडईतून येताना त्यांची भाजी आणायच्या, चार मजले चढून द्यायच्या, आणि दहा रुपयांच्या मेथीवर तासभर गप्पा मारायच्या. वहिनींचा मुलगा अभय सॉफ्टवेअरमध्ये, अमेरिकेत. त्या काळात आमच्या सोसायटीत तरणी माणसं फक्त फोटोतच दिसत.

एके दिवशी अभयचा मला फोन आला. “काका, दिवाळीत येतोय. तोवर लिफ्ट झाली तर ठीक, नाहीतर आईला घेऊनच जातो. फ्लॅट विकून टाकू. लिफ्टची ही अट तिला सांगू नका, उगाच आस लावून बसेल.” लिफ्ट होणार नाही याची त्याला खात्री होती. शेवटी पोरगा इथलाच ना!

हे मी जिन्यात सत्यशीलाबाईंना सांगितलं. बाई मटकन पायरीवर बसल्या. मग उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, “सेक्रेटरीसाहेब, मीटिंग बोलवा.”

बाई मूळच्या नागपूरच्या. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि पोटाला चिमटा काढून पोरींना शिकवलं. या शिकून ट्रंक कॉलच्या ऑपरेटर झाल्या. पूर्वी परगावी फोन करायचा तर नंबर नोंदवून वाट बघत बसावं लागे. मग ऑपरेटर बाई दोन टोकं जोडून देणार, ‘बोला’ म्हणणार, आणि तीन मिनिटं झाली की मध्येच आठवण करून देणार. पुढे गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ आले, लोक आपले आपण नंबर फिरवू लागले आणि बाई मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी बसल्या. नोकरी सुटली, खोड सुटली नाही. याचा निरोप त्याला आणि त्याचा याला, असला प्रकार त्या करायच्याच नाहीत. भांडणाऱ्या दोघांना समोरासमोर उभं करायच्या, ‘बोला’ म्हणायच्या आणि निकाल लागेपर्यंत तिथून हलायच्या नाहीत.

मीटिंगमध्ये पहिल्या मजल्याने तत्त्वाचा प्रश्न काढला. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबणार असेल तर आमचा विरोध आहे. आणि थांबणार नसेल तर तो आमचा अपमान आहे. यावर भाषण रंगात आलं असताना बाईंनी घड्याळ बघितलं. “तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?” बोलणारे गृहस्थ इतके गांगरले की खाली बसले. तेवढ्यात ठराव मंजूर झाला. मी तो घाईघाईने लिहून घेतला, कोण जाणे पुन्हा कधी उठतील!

मग कामाला सुरुवात झाली. म्हणजे प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सांगायला सुरुवात केली. गवंडी म्हणे, मशिनवाल्याने माप दिलं नाही. मशिनवाला म्हणे, खड्डाच तयार नाही तर माप कशाचं देऊ? बाईंनी दोघांनाही त्या अर्धवट खड्ड्यात उतरवलं, वरून चहा दिला आणि म्हणाल्या, “बोला.” चहा संपायच्या आत माप ठरलं. पालिकेत परवानगीचा कागद दोन टेबलांमध्ये अडकला, तर बाईंनी एका टेबलावरच्या साहेबांना चक्क हाताला धरून दुसऱ्या टेबलापाशी नेलं. मी बरोबर होतो. लाजेने माझी मान वर होत नव्हती, पण सही झाली.

भाद्रपदात खरा घोळ झाला. लिफ्टचे लांबलचक लोखंडी रूळ घेऊन कंत्राटदार सर्जेराव आले, तर गल्लीच्या तोंडाशी गणपतीचा मांडव. मंडळाचे अध्यक्ष मच्छिंद्र छाती काढून उभे. “मांडव हलणार नाही.” सर्जेराव म्हणाले, “मग रूळ हितंच टाकतो आन् जातो.” बाई धावत आल्या, दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. बोला! दोघंही बोलले, आणि काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी मच्छिंद्रला काय वाटलं कोण जाणे, त्याने कार्यकर्त्यांना हाक मारली. मांडवाखालून वाकून, खांद्यावर रूळ घेऊन, मोरयाच्या गजरात आमची लिफ्ट दारात आली. पहिल्या मजल्याने गॅलरीतून नमस्कार केला. त्यांना वाटलं, मूर्तीच आली.

या धबडग्यात बाईंना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. राधावहिनींची भाजी दारातूनच द्यायच्या, “दिवाळीच्या आत तुम्हाला खाली उतरवते की नाही बघा!” असं ओरडायच्या आणि पळायच्या.

आणि खरंच, दिवाळीच्या तोंडावर लिफ्ट चालू झाली. अभय आला. तो वर जाऊन आईच्या पाया पडला आणि लिफ्ट कशी दिसते ते बघायला लगेच खाली आला. आम्ही सगळे खाली जमलो होतो. लिफ्ट उतरली, दार उघडलं. आत राधावहिनी, ठेवणीतली साडी नेसलेल्या. शेजारी भलीमोठी बॅग.

“अगं आई, बॅग कशाला? लिफ्ट झाली, आता राहा तू इथेच.”

“आता कसली राहतेय?” वहिनींचा आवाज चढला. “तू फोनवर म्हणालास, दिवाळीत येतो, सामान आवरून ठेव. इकडे अख्खी सोसायटी मला खाली उतरवायला धावतेय. सगळ्यांत पुढे या सत्यशीलाबाई! दोन शब्द बोलायला वेळ नव्हता यांना. मी म्हटलं, यांना एवढी घाई झालीय मला घालवायची, तर जावं आपलं.”

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मला तर त्यांचा रागच आला. सगळ्या जगाला समोरासमोर बोलायला लावलंत, आणि जिच्यासाठी केलंत तिच्याशी नाही बोललात?

“राधाताई,” बाईंना हुंदका आवरेना. चिडल्या किंवा रडल्या की त्यांचं नागपूर बाहेर येतं. “अहो, तुम्ही जाऊ नये म्हणून करून राहिली होती ना मी हे सारं! तुम्ही गेल्यावर मी कुठं जाऊ? कोणाशी बोलू?”

राधावहिनी लिफ्टबाहेर आल्या आणि त्यांनी बाईंचा हात धरला. त्यांचेही डोळे भरून आले होते.

“एवढं वर येऊन सांगितलं असतंत,” त्या म्हणाल्या, “तर मी लिफ्टशिवायसुद्धा राहिले असते.”