फोनवरचा खाकरा

श्रेणिक आणि मी दोघंही बदनापूरचे. जालन्यात त्याचं बियाण्यांचं दुकान, शेजारी माझं पाइपांचं. रोज एकाच मोटरसायकलवर येतो-जातो. श्रेणिकला कशाचीच ददात नाही, पण घोर एकच : चार वर्षांच्या लेकीसोबत, नेहलसोबत जेवायला मिळत नाही.

घर जैनांचं. दिवस मावळला की अन्नाला हात लावायचा नाही. संध्याकाळी गिऱ्हाइकांची झुंबड, म्हणून याचा डबा दुकानातच उघडतो. आम्ही घरी पोचेस्तोवर नेहल झोपलेली असते.

मग यानं एक खेळ काढला. स्वयंपाक एकच, म्हणजे याच्या डब्यात तेच तिच्या ताटात. उन्हं कलली की फोन लावायचा. तिकडे नेहल डोळे मिटून बसणार, इकडे हा फोनजवळ तोंड नेऊन कुडुमकुडुम चावणार.

"ओळख!"

"खाकरा!"

ओळखलं की तिनं तोच घास खायचा. कढीचा भुरका तर हा असा मारतो की माझी गिऱ्हाइकं वळून बघतात. खिचडीला आवाज नसतो, तेव्हा लबाड तोंडानंच काहीतरी काढतो. मी चिडवायचो, "शेठ, बी विकता का पापड?" तो हसायचा. फोन ठेवला की मात्र अर्धा डबा तसाच झाकायचा.

"तिला एक घास हातानं भरवावा वाटतो रे," एकदा म्हणाला. त्यानंतर मला चिडवणं जमलं नाही.

यंदा पेरणीच्या गर्दीत एक दिवस डबाही राहिला आणि फोनही राहूनच गेला. दिवस मावळल्यावर त्याच्या आईचा, लाडबाईंचा फोन आला.

"पोरगी ताटावर बसून राह्यली. पप्पाच्या फोनबिगर खाणार न्हाई म्हणती. जल्दी ये."

गल्ला नोकरावर सोपवून आम्ही निघालो. 

नेहल ताटासमोर गाल फुगवून बसलेली. "लेकराला नेम नसतो, तू खाऊ घाल," लाडबाई म्हणाल्या. श्रेणिकला मात्र आता पाणीही चालणार नव्हतं. उपाशीच तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. पहिला घास भरवला आणि डोळे मिटले.

"आता तू खा. मी ओळखतो."

ती कुडुमकुडुम चावायची, हा मुद्दाम चुकायचा. भुजिया म्हणायचा, काकडी म्हणायचा. खिदळत खिदळत पोरीनं ताट चाटूनपुसून साफ केलं. श्रेणिकला इतक्या सुखात मी कधी पाहिलं नव्हतं.

हात धुऊन ती त्याच्या गळ्यात पडली.

"पप्पा, उद्याबी फोन विसरा ना."