संयोगिताताईंची बुधवारची पंगत

मी पंपांच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे, म्हणजे नाक मुरडण्याचाच पगार घेतो. त्यामुळे आमच्या ॲडमिनच्या संयोगिता घाटगे यांनी बडोद्याजवळ वाघोडियाच्या जीआयडीसीत, लेथ मशीनच्या खडखडाटात, केळीची पानं मांडून पंगत बसवायचं ठरवलं, तेव्हा पहिलं नाक मुरडलं ते मी. चारचौघांत मांडीला मांडी लावून जेवणं मला लग्नातसुद्धा सोसत नाही. अकोट्याच्या घरून माझा डबा येतो, तो मी कुलपात ठेवतो.

पण ताईंपुढे नाक किती मुरडणार? त्यांचे पणजोबा बडोदे संस्थानच्या घोडदळात होते. ताईंच्या वाट्याला घोडा काही आला नाही, म्हणून त्यांनी कंपनीची बस वेळेवर आणायचं काम हाती घेतलं. हरणीच्या नाक्यावर त्या बसमध्ये चढल्या की ड्रायव्हर आपोआप ताठ बसतो. रोज खणाचा ब्लाउज, पायांत पळायचे बूट, आणि आवाज असा की कंपनीत माइक घ्यायची गरज पडली नाही.

जेवणाची मूळ कल्पना मात्र आमच्या शेठची, शैलेषभाईंची. माणूस भला. कुठल्याशा परिषदेला गेले आणि एकत्र जेवणाने कंपनीतली माणसं जोडली जातात असं ऐकून आले. दर बुधवारी कंपनीतर्फे जेवण, असं त्यांनी जाहीर केलं आणि कामाला ताईंना लावलं. जोडायला आमच्याकडे भरपूर होतं. वरच्या मजल्यावर एसीत डिझाइनवाले, खाली फिटर आणि वेल्डर, आणि मधल्या जिन्यावरून फक्त तक्रारी चढायच्या-उतरायच्या. डिझाइनचा ध्रुव आणि आमचे सगळ्यात जुने फिटर सुभानराव यांच्यात तर दिवाळीपासून अबोला होता. एका ब्रॅकेटवर भोक भलत्या ठिकाणी पडलं होतं. ध्रुव म्हणे पाडणारा चुकला, सुभानराव म्हणत ड्रॉइंग काढणारा चुकला.

पहिल्या बुधवारी पॅकबंद डबे आले. प्रत्येकाने आपापला डबा उचलला, आपापला कोपरा गाठला आणि मोबाइल उघडला. मग ताईंनी बुफे मांडून पाहिला. माणसं ताटं भरून आपापल्याच टोळक्यात उभी राहिली, फक्त आता एका हातात ताट असल्यामुळे मोबाइल बघताना कढी सांडू लागली. ताई वैतागल्या.

"उभ्यानं जेवणाऱ्या माणसाला पळून जाता येतं," त्या मला म्हणाल्या. "बसवलं पाहिजे मेल्यांना."

दांडिया बाजारातले बापू आपल्या मराठी लग्नामुंजींची जेवणं करतात. त्यांना ताईंनी बोलावलं. बापू म्हणाले, "ताई, फॅक्टरीत पंगत? सगळे हसतील."

"हसू देत की. त्यासाठीच तर करायचंय."

पॅकिंगच्या शेडमध्ये सतरंज्या पसरल्या गेल्या. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी बाकं. नियम ताईंचे: वरचा माणूस आणि खालचा माणूस एकाआड एक बसणार. एका बुधवारी वरच्यांनी वाढायचं, एका बुधवारी खालच्यांनी, आणि वाढून झालं की वाढप्यांनीही रांगेच्या टोकाला बसायचं. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही आणि शेवटच्याचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. त्यानंतरचं दुसरं, तिसरं वाढणं आणि आग्रह करकरून माणसाला जेरीस आणणं हे खातं ताईंनी स्वतःकडे ठेवलं.

पहिल्या पंगतीला वाढायची पाळी वरच्यांची होती. मिठाची आणि लिंबाची थाळी नेमकी ध्रुवच्या हातात आली. हा मुलगा गोत्रीच्या फ्लॅटमध्ये पिझ्झ्यावर वाढलेला. त्याने सुभानरावांच्या पानावर लिंबाची फोड उजवीकडे ठेवली. सुभानरावांनी पानाकडे बघितलं, ध्रुवकडे बघितलं, आणि दिवाळीपासून मिटलेलं तोंड उघडलं.

"डिझाइनर साहेब, लिंबू डावीकडे येतं, मिठाशेजारी. आधी ड्रॉइंग बघा, मग माल सोडा."

ध्रुव लाल झाला. मग त्याने वाकून फोड उचलली आणि डावीकडे ठेवली.

"रीवर्क केलं, काका. पास?"

"ते तपासणीवाल्यांना विचार," सुभानराव म्हणाले, आणि सगळी रांग माझ्याकडे वळली. मी पानाचं नीट निरीक्षण करून "पास" म्हणालो. मग जे हसू फुटलं ते मसालेभात येईपर्यंत आवरलं नाही. बिहारकडच्या वेल्डरांना विनोद कळला नव्हता, तरी तेही पोट धरून हसत होते. मीही हसलो, आणि सांगायला लाज वाटत नाही, तीनदा मठ्ठा घेतला.

त्यानंतर कंपनीला काय झालं कोण जाणे. ध्रुव ड्रॉइंग पक्कं करण्याआधी जिना उतरून सुभानरावांना दाखवायला लागला. सुभानराव त्याला "अरे गाढवा" म्हणायला लागले, आणि त्यांच्या तोंडून हे ऐकायला मिळणं ही बढती असते. दाळीत गूळ हवा की नको यावर मराठी, गुजराती आणि बिहारी अशा तीन फळ्या पडल्या आणि त्या भांडणात वरचा-खालचा हा भेदच राहिला नाही. माझ्याकडे नापास होऊन येणारा माल कमी झाला. माझं तर काम जायची पाळी आली.

पण पंगत ती पंगत. ताई जिलबी घेऊन फिरायला लागल्या की हात आडवा धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून जिलबी पानावर यायची. शेवटच्या माणसाचं आटपेपर्यंत जेवणाची सुट्टी कधीच संपलेली असायची. दोनचा सायरन वाजायचा आणि अख्खी कंपनी मांडी घालून ढेकर देत असायची. एके दिवशी शैलेषभाई शेडच्या दारात येऊन उभे राहिले.

"संयोगिताबेन, जमण बहु सारुं छे," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "पण मारां मशीन भूख्यां रहे छे." म्हणजे जेवण छान, पण मशीनं उपाशी. पुढच्या बुधवारी आपण स्वतः जेवायला बसू, त्यांनी सांगितलं. दोनच्या सायरनआधी पंगत उठली तर ठीक. नाही उठली तर पुन्हा पॅकबंद डबे.

त्या संध्याकाळी बसमध्ये ताई माझ्या शेजारी येऊन बसल्या. वाघोडिया रोडभर त्यांनी ड्रायव्हरला एकदाही टोकलं नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"दत्तात्रेय," त्या शेवटी म्हणाल्या, "हे गेल्यापासून आणि लेक अवनी कॅनडात गेल्यापासून मी घरी ओट्याशी उभी राहून दोन पोळ्या खाते. कुणाला वाढायचंच नाही तर पान तरी कशाला घ्यायचं? हा बुधवार गेला ना, तर माझ्याकडे जेवायला कोणीच नाही हो."

मी म्हणालो, "नाही जाणार," आणि उगीच खिडकीबाहेर बघत बसलो.

पुढचा बुधवार म्हणजे युद्धच. ताईंनी सकाळीच हुकूम काढला: आग्रह बंद. गप्पा बंद. घास चावायचा, पण भाषण करत चावायचं नाही. बापूंनी पुऱ्या आधीच लाटून ठेवल्या. वाढपी तर पळतच होते. ध्रुवने मीठ-लिंबू असं वाटलं की लिंबू पानावर पोचल्यावरच दिसलं. शैलेषभाई सुभानरावांच्या शेजारी बसले, आणि अख्खी पंगत खाली मान घालून, पेपर सोडवायला बसल्यासारखी, मुकाट जेवू लागली. सुभानराव तर नव्या कवळीनिशी पुऱ्या गिळत होते. मला भीती वाटत होती की एखादवेळी कवळीच गिळतील.

शैलेषभाई इकडे तिकडे बघायला लागले. "बधा केम चूप छे?" सगळे गप्प का, असं त्यांनी हळूच सुभानरावांना विचारलं. सुभानरावांचा तोबरा भरलेला. त्यांनी नुसती मान हलवली.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेवढ्यात ताईंना शेठच्या पानावरची श्रीखंडाची जागा रिकामी दिसली. मी त्यांचा चेहरा पाहिला. बाई स्वतःशी झगडत होती. दोन पावलं पुढे गेली, वळली, आणि पुन्हा पुढे गेली. स्वभावाला औषध नसतं.

"एवढंसं," त्या म्हणाल्या.

"ना ना, बेन, बस," म्हणत शैलेषभाईंनी हात आडवा केला, आणि पळीभर केशरी श्रीखंड त्यांच्या मनगटी घड्याळावर पडलं.

ताई पांढऱ्याफटक पडल्या. शैलेषभाईंनी घड्याळ कानाशी नेलं, मग बोटाने थोडं चाटून पाहिलं. "चाले छे," ते म्हणाले. घड्याळ चालतंय की श्रीखंड, ते त्यांनी सांगितलं नाही, पण तेवढ्यावर सबंध रांग फुटली. शेठना स्वतःलाच इतकं हसू आलं की ठसका लागला आणि सुभानरावांना त्यांची पाठ थोपटावी लागली. मग कुठली शिस्त आणि कसलं काय? दाळीतल्या गुळाचं भांडण पुन्हा सुरू झालं आणि शेठ गुळाच्या बाजूने उतरले.

तरीही सायरनच्या आत पानं संपली. ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून असा सुस्कारा सोडला की तो बापूंच्या कढईपर्यंत पोचला असेल. शैलेषभाई हसत हसत उठायला लागले. सुभानराव मात्र हलले नाहीत.

"शेठ, बसा. अजून पंगत उठत नाही. एक पान राहिलंय."

"कुणाचं?" ताई कडाडल्या.

"तुमचं."

खरंच की. आम्ही इतके बुधवार तुडुंब जेवलो आणि ताई त्यानंतर कधी, कुठे, काय खातात हे आमच्यापैकी एकानेही पाहिलं नव्हतं.

"सुभानराव, उठा मुकाट्यानं. सायरन होईल. माझं मागाहून होईल."

"शेवटच्याचं होईपर्यंत उठायचं नाही. कायदा तुमचा."

कुणीच उठलं नाही. शैलेषभाई अर्धे उठलेले तसेच ओणवे राहिले. ध्रुवने कोरं पान आणून आपल्या जागेवर मांडलं. एका वेल्डरने पुऱ्या आणल्या, कुणी भात, आणि मी, दर पाळी चुकवून आयुष्यात कुणाला न वाढलेला मी, अळूची भाजी वाढली. ताई बसल्या खऱ्या, पण डोळे घड्याळावर लावून घाईघाईने घास कोंबायला लागल्या. मला भडभडून आलं आणि मी ते लपवलंही नाही.

दाराशी वॉचमनने सायरनच्या बटणाकडे हात नेला.

"ना वगाडता," शैलेषभाई म्हणाले. "बुधवारे जमण पते पछी ज." म्हणजे बुधवारी जेवण संपल्यावरच वाजवायचा. मग ते पुन्हा मांडी घालून नीट बसले आणि ताईंकडे वळले.

"निरांते जमो, बेन."

शेठच 'निवांत जेवा' म्हणत होते. ताईंनी तोंडाशी नेलेला घास तसाच धरला. एकदा सगळ्या रांगेवरून नजर फिरवली, पदराने डोळे पुसले, आणि मग त्या सावकाश जेवायला लागल्या.