रूथमावशी आणि वेगळा ग्लास

एकोणीसशे बावन्न साल. मी तेवीस वर्षांचा. कारखान्याची पाळी सकाळी लवकर भरायची, म्हणून सोनिवलीचं घर सोडून अंबरनाथच्या पश्चिमेला पत्र्याच्या लाइनीत भाड्याची खोली घेतली होती. पहिल्याच पहाटे भिंतीपलीकडून बाईमाणसाचा आवाज आला. कुणाला तरी झापत होती.

"ऐकतोस का झोपलास? परवापासनं सांगते, या कुशीत कळ येती. आं? बोल की! तोंडात मिठाची गुळणी धरलीस व्हय?"

मी मनात म्हटलं, नवरा दारुडा असणार, त्याशिवाय एवढं कोणी ऐकून घेत नाही. मग खोकल्याची मोठी उबळ आली. ती सरल्यावर त्याच बाईनं दमलेल्या आवाजात "आमेन" म्हटलं. नवरा नव्हताच. तो मरून वर्षं झाली होती. बाई प्रार्थना करत होती.

ही रूथमावशी. मूळची नगर जिल्ह्यातली. बाप महार, गावकुसाबाहेर राहणारा. मिशनच्या विहिरीवर पाणी मिळालं म्हणून तो ख्रिस्ती झाला, असं लोक टोमणा मारून म्हणत. मावशी टोमणा खाली पडू द्यायची नाही. "पाण्यासाठी गेला असंल माझा बाप. मग? तहान लागल्याबिगर कोण जातं कुठं? पण ऱ्हायला तो पाण्यासाठी न्हाई."

मी चौथी शिकलेला माणूस. धर्माचं मला कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. पण माणसाला कसं वागवावं ते कळतं, आणि तिला कसं वागवलं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. इतक्या वर्षांनी लिहायला बसलो तरी डोकं तापतं. तापू दे.

तिला छातीचा क्षय होता. मी राहायला गेलो तेव्हा चौथं वर्ष चाललं होतं. डॉक्टरनं सांगितलेलं ती तंतोतंत पाळायची. ताट, तांब्या, वाटी वेगळी, रोज उकळत्या पाण्यातून काढलेली. थुंकीच्या डब्यात चुना, वर झाकण. मी दारात गेलो की ओरडायची, "तिथंच बस मुडद्या, उंबऱ्यावर. तुझं लगीन व्हायचंय अजून." आपल्या रोगाची भीती तिच्याइतकी कुणालाच नव्हती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं तिच्यावर जे आलं ते रोगाच्या नावानं आलं.

तिच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बाया अधूनमधून प्रार्थनेला यायच्या, तोंडाला पदर लावून. एकदा त्यातली एक म्हणाली, "रूथबाई, चार वर्षं उतार नाही. काही पाप लपवलं असशील तर कबूल कर बाई." मावशीनं तिच्याकडं नीट पाहून घेतलं. "लपवलंय की. मागल्या खेपेला तुझ्या चहात साखर जास्त घातली होती. आता न्हाई घालायची." ती बाई परत आली नाही. मी उंबऱ्यावर हसून हसून मेलो. पण मावशी हसली नाही. बाया गेल्यावर भिंतीकडं तोंड करून बसली. "ऐकलंस? तुझी माणसं ही. तू धाडलीस व्हय?"

आता मुख्य गोष्ट. त्यांच्या देवळात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. देऊळ म्हणजे पत्र्याची लांब खोली. भाकरीचा एकेक तुकडा खायचा आणि एकाच प्याल्यातून सगळ्यांनी एकेक घोट द्राक्षारस प्यायचा. द्राक्षारस तरी कसला, मनुका भिजवून कुस्करून गाळलेलं पाणी. ते काम वर्षानुवर्षं मावशीचं. खोकला सुरू झाल्यावर तिनं आपणहून सोडलं, कुणी सांगायची वाट पाहिली नाही. पण त्या घोटावर तिचा जीव होता. बाकी सगळं गेलं होतं तिचं. नोकरी गेली, अंगातलं मांस गेलं, रात्रीची झोप गेली. तेवढा महिन्याचा एक घोट राहिला होता, तो ती सगळ्यात मागे बसून, सगळ्यांच्या शेवटी घ्यायची.

एके दिवशी देवळाचा कारभार पाहणारे पंच आले. थोरले आढाव पंच पुढं, म्हणजे आमच्याच कारखान्यातले मुकादम. मागं तरुण पाळकसाहेब, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, मान खाली घालून.

आढाव म्हणाले, "बाई, पुढच्या भोजनाला तू प्याला घेऊ नकोस."

"मी शेवटाला घेते. माझ्या मागं कोण पितंय? घासा राखेनं, उकळा."

"तसं नाही. प्याला बाटतो, असं लोकांच्या मनात येतं."

मी माझ्या दारात उभा होतो. मावशी भिंतीला धरून उठली.

"रोगाचं म्हणा, मी ऐकते. रोग मला कळतो. हे बाटायचं काय काढलंत? या शब्दापायी माझ्या बापानं गाव सोडलं. आन् हा शब्द माझ्या आधी देवळात येऊन बसला? आढाव, तुमचा आजा आन् माझा बाप एकाच वेशीबाहेर बसायचे. इसरलात?"

आढावांचं तोंड लाल झालं. जाताना म्हणाले, "हा तुझा वधस्तंभ आहे बाई. सोस." पाळकसाहेब काहीच बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा मला जास्त राग आला.

मी म्हटलं, "मावशी, थूक त्या देवळावर. आपला महादेव आहे ना इथं, जुना, मोठा. तिथं चल."

"तुझ्या महादेवाच्या गाभाऱ्यात मला सोडतील का रे काशिनाथ?"

गावात आमच्या घरी काय चालायचं ते मला माहीत होतं.

पुढच्या पहिल्या रविवारी ती पांढरं लुगडं नेसून तयार. चालवत नव्हतं. मी वखारीतली हातगाडी आणली, गोधडी टाकली आणि तिला ओढत नेलं. आत पाऊल ठेवणार नाही अशी मी शपथ घेतली होती, म्हणून बाहेर चिंचेखाली बसलो. उघड्या दारातून सगळं दिसत होतं. प्याला ओळीनं फिरला. तिच्याजवळ आला आणि तिथूनच मागं फिरला. ती बसून राहिली. मग सगळ्यांबरोबर गायली, दम पुरत नव्हता तरी. असं महिन्यामागून महिने.

"कशाला जातेस?" मी विचारायचो. "तोंडात मारून घ्यायला?"

"पंगत पंचांची न्हाई. ज्यानं बोलावलंय त्यानं 'येऊ नको' म्हटलं तर थांबन. अजून म्हटलं न्हाई."

"त्याला तोंड असलं तर म्हणेल ना!"

खराटाच फेकला तिनं माझ्या अंगावर. "खोकला माझा, देव माझा. मधी बोलणारा तू कोण रे?"

मग पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी पंचांनी तोडगा काढला. प्याला फिरून झाला आणि पाळकसाहेब एक जाड काचेचा ग्लास घेऊन तिच्याकडं आले. चहाच्या दुकानातला असतो तसला. त्यात घोटभर रस. बाकीच्यांना चांदीचा प्याला, तिला हा.

मावशीनं ग्लास हातात घेतला नाही. बघत राहिली.

"सायेब, आमच्या गावच्या हाटेलात माझ्या बापाला असाच येगळा कप असायचा. कान तुटका. भाईर खुंटीला टांगलेला."

"बाई, तसं मनात आणू नका. प्रभू अंतःकरण पाहतो," पाळकसाहेब हळूच म्हणाले.

"तो बघतोच. तुम्हीबी बघा. रोगाची भीती खरी हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. मग समद्यांनाच येगळे ग्लास द्या. पंचांना येक, तुम्हाला येक, मला येक. मग घेते. एकटीला न्हाई."

आढाव जागेवरून ओरडले, "एवढे ग्लास आणायचे कुठून? इथं काय हाटेल काढलंय?" दोघंतिघं हसले.

"मग थांबते मी," मावशी म्हणाली आणि पदर सावरून बसली. पाळकसाहेबांनी तो ग्लास परत नेला. रस कुठं ओतला, देव जाणे.

येताना मी गाडी अशी ओढली की वाटेतला एक दगड सोडला नाही. म्हटलं, "आता तरी सोड ही माणसं आणि त्यांचा देव."

गाडीत हिंदकळत ती म्हणाली, "माणसं कवाच सोडली असती रे. देव कसा सोडू? चार वर्सं माझं भांडण ऐकून घेणारा दुसरा कोण हाय? तूबी पहाटं भित्तीवर बुक्क्या मारतोस, गप ऱ्हा म्हणून."

त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. तोंडातून रक्त यायला लागलं. आवाज इतका बसला की भिंतीला कान लावावा लागे. मी लावायचो. एका पहाटे ऐकलं ते अजून विसरलो नाही. "वधस्तंभावरचं तुझं दुपारी सुरू झालं आन् तिसऱ्या प्रहराला उरकलं. माझं चार वर्सं चाललंय. हे बरं न्हाई केलंस. बरं न्हाईच केलंस. पण हात सोडायची न्हाई मी. तू झटकलास तरी न्हाई. कळलं?"

पुढचा पहिला रविवार तिला मिळाला नाही. त्याआधीच एका दुपारी ती गेली. मी चमच्यानं पाणी घालत होतो, ते ओठातून परत बाहेर आलं.

संध्याकाळी पुरलं. सगळी मंडळी आली होती, हसणारेही आले होते. मातीशेजारी उभं राहून आढाव पंच बोलले, आणि चांगलं बोलले, डोळे पुसत बोलले. "आपल्या या भगिनीनं एवढ्या दुखण्यातही शेवटपर्यंत विश्वास सोडला नाही."

मी चिखल तुडवत पुढं गेलो. "नाही सोडला तिनं. पण तुम्ही सोडवायला काय कमी केलंत, मुकादम?"

कुणीतरी माझा दंड धरला. "तू कोण रे मधे? तू तर आमच्यातला नाहीस."

"शेजारी," मी म्हटलं आणि दंड सोडवून घेतला. कारखान्यात आढावांच्या हाताखाली माझी नोकरी होती. गेली तर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीला गेलो नाही. चालत कॅम्पात, फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या वस्तीत गेलो. तिथं एक सिंधी म्हातारा बराकीच्या ओट्यावर काचेचं सामान मांडून बसायचा. लहानात लहान ग्लास मागितले, त्याच्याकडं होते तेवढे सगळे. त्यानं गवतात गुंडाळून खोक्यात भरले आणि विचारलं, "शादी है क्या साईं, घर में?"

"नहीं. खाना है," मी म्हटलं. "एक बाई का."

खोकं डोक्यावर घेऊन परत अंबरनाथला आलो. देवळाचं दार उघडं होतं. पाळकसाहेब एकटेच बाकावर बसले होते. मी आत शिरलो, चपला न काढता. टेबलावर खोकं ठेवलं. त्यांनी गवत बाजूला सारून पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"काशिनाथ, ती तर गेली."

"ती गेली," मी म्हटलं. "तुम्ही आहात ना अजून."

आणि खिशातला रुमाल काढून एकेक ग्लास पुसून टेबलावर ओळीनं मांडायला लागलो.