मार्थामावशीच्या ओट्यावर

मार्थामावशी हसायची ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आमच्या शेजारी राहायची. कोल्हारच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. आमच्या घरातलं हसणं थांबलं, त्या दुष्काळी वर्षात भिंतीपलीकडचं तिचं हसणं मी चोरून ऐकायचे.

धाकटी बहीण जन्मून लगेच गेली आणि आई भिंतीकडे तोंड करून निजली, ती उठेचना. वडील साखर कारखान्यात पाळीवर जात. आईनं विहिरीची वाट धरली तर, या भीतीनं मी शाळा सोडून उंबऱ्यात बसू लागले. धाकटा बाळू खेळताना हसला की त्याला चिमटा काढायचे.

मावशीनं ते पाहिलं. ओरडली नाही. मला जवळ ओढून म्हणाली, "शैले, आईचं मन आजारी हाय. तुमच्यामुळं न्हाई झालं ते. अन् तुमी हसला म्हनून तिचं दुखनं वाढायचं न्हाई."

इतकं मला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या पदरात तोंड खुपसून मी रडले.

वडिलांना पटवून तिनंच आईला नगरच्या डॉक्टरांकडे नेलं. मी शाळेत जावं म्हणून आईजवळ आळीतल्या बायकांना बसवलं. संध्याकाळी आम्हाला ओट्यावर बोलावून शेंगा सोलता सोलता विचारायची, "आज काय ग्वाड वाटलं?"

"काहीच नाही," मी म्हणायचे.

"बरं, उद्या सांग."

एकदा बाळू म्हणाला, "करडानं माझं बोट चोखलं. गुदगुल्या झाल्या." मावशी हसली, बाळू हसला, आणि मलाही हसू फुटलं.

"जा, आईलाबी सांग," मावशी म्हणाली.

"ती बोलत नाही."

"न्हाई बोलली तर न्हाई. कानावर तरी पडंल."

मग बाळू रोज आईच्या पाठीशी बसून दिवसभराचं सांगे. पाठ हलत नसे. थंडी सरता सरता एके संध्याकाळी आईनं कूस बदलली. "ते करडू आता केवढं झालं रे?" तिनं विचारलं. बाळू हात पसरून दाखवतच राहिला.

मावशीची कोपरगावला बदली झाली, तोवर आई चुलीपाशी बसू लागली होती. वाईट दिवस पुढंही अधूनमधून आले, पण ते जातात हे आम्हाला कळलं होतं. निरोपाला आई स्वतः एस.टी. स्टँडवर आली. "औषध मधेच सोडू नगा," मावशीनं बजावलं. आईनं मान हलवली, पण तिचा हात काही सोडेना.

गाडी गेली. परतताना बाळूनं शर्यत लावली आणि मी त्याच्यामागे पळत सुटले. आई मागून एकटीच, आपल्या चालीनं येत होती.